‘हातून झालं’: जेकिल आणि हाईड वाचताना तुम्ही कुठे थांबलात?

ओसरी · रविवार, दुपारी ३.२०

नमस्कार मंडळी. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ही छोटी कादंबरी शाळेत असताना संक्षिप्त रूपात वाचली होती. औषध पिऊन हाईड नावाचा राक्षस होणारा डॉक्टर जेकिल, एवढंच डोक्यात राहिलं होतं. गेल्या आठवड्यात मूळ इंग्रजी दोन रात्रींत संपवली. पुस्तक अंगाने लहान, पण वाक्यं अशी की एकेक दोनदा वाचावं लागतं.

शेवट साऱ्या जगाला ठाऊक आहे, त्यामुळे रहस्य फुटेल ही भीती नको. १८८६ च्या जानेवारीत एका शिलिंगला ती विकत घेणाऱ्यांची मात्र चंगळ होती. दहापैकी आठ प्रकरणं संपेपर्यंत हाईड हा कुणीतरी वेगळाच माणूस आहे आणि तो बिचाऱ्या जेकिलला धमकावून पैसे उकळतोय, असंच त्यांना वाटत असणार.

धाग्याचा नियम एकच: परीक्षण नको, सारांश नको. वाचताना जिथे थांबलात तो परिच्छेद सांगा आणि का थांबलात ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. शेवटच्या प्रकरणातला रीजंट्स पार्कमधला बाक. खून होऊन गेलाय, जेकिलने हाईड होणं सोडलंय, दानधर्म चाललाय. जानेवारीतला स्वच्छ दिवस, पायाखाली वितळलेल्या हिमाची ओल, पाखरांचा आवाज. हा उन्हात बसलाय आणि मनाशी म्हणतो, आपण चारचौघांसारखेच की. मग गालात हसून स्वतःची इतरांशी तुलना करतो: आपण केवढं लोकांसाठी करतो, आणि हे बाकीचे नुसते बेपर्वा. नेमक्या त्या क्षणी पोटात ढवळतं, थरथर सुटते. खाली बघतो तर गुडघ्यावरचा हात शिरा तटतटलेला, केसाळ. औषध न घेता तो हाईड झालेला असतो.

दुष्कृत्य करताना तो बदलत नाही, स्वतःला शाबासकी देताना बदलतो. इथे मी पुस्तक मिटलं.

सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या आणि सगळं मी केलं. नातेवाईक कौतुक करायचे. एका दुपारी गच्चीत कपडे वाळत घालताना मनात आलं, दोन्ही जावांनी मिळूनही एवढं केलं नसतं. आणि त्याच क्षणी, त्या सकाळी खोलीचं दार लावून त्यांना जे बोललं गेलं ते आठवलं. ओला टॉवेल हातात तसाच राहिला.

तुमचं सांगा.

साडेतीन_शहाणा · रविवार, दुपारी ३.४१

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

मागचा_बाक · रविवार, सायं. ६.०५

मी पहिल्याच पानावर अडकलो. ज्याच्या नजरेतून बरीचशी गोष्ट दिसते तो अटर्सन वकील. चेहऱ्यावर कधी हसू नाही. उंची वाईन आवडते, म्हणून एकटा असताना मुद्दाम जिन पितो, जिभेला वळण लागावं म्हणून. नाटकाची आवड, पण वीस वर्षांत थिएटरची पायरी चढलेला नाही. आणि दुसऱ्याच्या पापांबद्दल कमालीचा सहनशील. बायबलमधल्या, भावाला मारणाऱ्या केनचा दाखला देत म्हणतो, माझा भाऊ ज्या वाटेने रसातळाला जातोय त्या वाटेने मी त्याला जाऊ देतो.

आमचे आजोबा डिट्टो. गाण्याचा अतोनात कान, पण घरात पेटी येऊ दिली नाही. शेजारच्या घरात रेडिओवर काही चांगलं लागलं की तेवढ्या वेळापुरते अंगणात ‘झाडांना पाणी घालायला’ जायचे. पावसाळ्यातसुद्धा. आम्ही पोरं हसायचो. जेकिलकडे सगळे बोट दाखवतात, पण त्या लंडनमध्ये प्रत्येकाने काही ना काही कोंडून ठेवलेलंच आहे. जेकिलला फक्त रसायनशास्त्र येत होतं.

बाकी, दोन मनांचं भांडण आपल्याला नवं नाही. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ हे तुकोबा स्टीव्हन्सनच्या दोनेकशे वर्षं आधी सांगून गेलेत.

सातबारा · रविवार, रात्री ९.३०

मागचा_बाक, आजोबांना दंडवत. तुकोबांबद्दल मात्र थोडं भांडतो. तुकोबा युद्ध म्हणतात, आणि लढायचं तर दोघे एकाच रणांगणात उभे हवेत. जेकिलला युद्धच नको आहे. त्याला वाटणी हवी आहे. तो लिहितो की हे दोन स्वभाव वेगवेगळ्या घरात नांदवता आले तर आयुष्यातलं असह्य ते सगळं संपेल. वाईटाने आपल्या वाटेने जावं, चांगल्याने आपल्या, आणि एकाच्या कृत्याची लाज दुसऱ्याला नको.

माझा तालुक्याच्या कोर्टात वाटणीच्या दाव्यांतच जन्म गेला. जमीन वाटून होते, घराच्या मधोमध भिंतही उठते. अडतं ते विहिरीपाशी. विहीर सामाईक राहते, आणि पुढची तीस वर्षं भांडणं तिच्यावरून होतात. जेकिलच्या निवेदनात हुबेहूब असं वाक्य आहे: दोन्ही स्वभावांत स्मरणशक्ती तेवढी सामाईक होती, बाकी सगळं कमीजास्त वाटलं गेलेलं. मी पेन्सिलीने समासात ‘विहीर’ असं लिहून ठेवलंय.

त्याचं मृत्युपत्र हाही एक नमुनाच. जेकिल तीन महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता राहिला तर हाईडने विनाविलंब त्याच्या जागी यावं, असं कलम. असा मसुदा घेऊन पक्षकार आला तर मी आधी त्याच्या बायकोला फोन करीन. जेकिलला बायको नाही, हीच पंचाईत. अटर्सननेही हे मृत्युपत्र करून द्यायला नकार दिला होता, फक्त सांभाळायला घेतलं.

साडेतीन_शहाणा · रविवार, रात्री १०.१२

आलो. एवढं गंभीर कशाला घेताय? आपला लखोबा लोखंडेच की हा. ‘तो मी नव्हेच!’

सातबारा · रविवार, रात्री १०.२०

नाही ना. लखोबा ते न्यायाधीशाला सांगतो, आणि आपण खोटं बोलतोय हे त्याला पक्कं माहीत असतं. जेकिल ते स्वतःला सांगतो आणि त्याला ते पटतं. ‘दोषी होता तो हाईड, एकटा हाईड. जेकिल होता तसाच होता.’ हे कुठल्या कोर्टात चाललेलं नाही. आरोपी तोच, वकील तोच, जज्ज तोच.

खलबत्ता · सोमवार, सकाळी ८.१५

औषधाकडे कुणीच बघत नाहीये म्हणून लिहिते. वीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवतेय.

माझा परिच्छेद म्हणजे बटलर पूल जी चिठ्ठी दाखवतो ती. जेकिलने औषधविक्रेत्यांना लिहिलेली. सुरुवात अगदी शिष्टाचाराची: आपण पाठवलेला नमुना अशुद्ध असून निरुपयोगी आहे, पूर्वी आपल्याकडून मोठ्या प्रमाणावर घेतला होता त्यातला काही शिल्लक असल्यास कृपया पाठवावा. आणि मग एकदम लेखणी फडफडते आणि शाई उडते: देवासाठी, तो जुनाच कुठून तरी शोधून द्या!

हा माणूस मी दर महिन्याला बघते. झोपेच्या गोळीसाठी येतो. ‘मॅडम, ही पट्टी हलकी आहे, मागच्या लॉटमधली नाही का?’ बोलणं नम्र, कपडे इस्त्रीचे, आणि हात काउंटरच्या काचेवर टकटक करत असतात. पट्टी तीच, लॉटही बहुतेक वेळा तोच असतो. डोस दुप्पट झाला आहे हे तो सांगत नाही. जेकिल सांगतो, पण अगदी शेवटी: कितीदा मात्रा दुप्पट करावी लागली, एकदा तर जिवाचा धोका पत्करून तिप्पट.

आणि शेवटची गंमत (गंमत कसली म्हणा): लंडन पालथं घातल्यावर त्याच्या लक्षात येतं की नवा माल अशुद्ध नव्हता. पहिलाच होता. त्या अज्ञात भेसळीमुळेच औषध लागू पडत होतं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, सगळं आयुष्य एका चुकून आलेल्या लॉटवर उभं. फार्मसीच्या मुलांना हा परिच्छेद लावायला हवा.

उत्तर_समुद्र · सोमवार, दुपारी १.५०

एडिंबरातून. स्टीव्हन्सन इथला. इथल्या रायटर्स म्युझियममध्ये एक लाकडी कपाट आहे. ते लहानपणी त्याच्या खोलीत होतं. बनवणारा विल्यम ब्रोडी: दिवसा सुतारांच्या संघाचा प्रमुख आणि नगरपालिकेचा सभासद, रात्री घरफोड्या. ज्या घरांची कुलपं-कपाटं दुरुस्त करायचा त्यांच्याच किल्ल्यांचे ठसे घेऊन ठेवायचा. १ ऑक्टोबर १७८८ ला त्याला फाशी झाली. स्टीव्हन्सनने पुढे डब्ल्यू. ई. हेन्लीबरोबर त्याच्यावर नाटकही लिहिलं.

मी त्या कपाटापुढे बराच वेळ उभा होतो. काम इतकं साफ आहे की हाच हात रात्री दुसऱ्याच्या कुलपात, हे मनात बसत नाही. अंधारात डोळे मिटायच्या आधी त्या पोराला ते कपाट दिसत असेल.

ही कादंबरी त्याने इथे लिहिली नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला बोर्नमथला १८८५ मध्ये, आजारपणात. झोपेत ओरडायला लागला म्हणून बायकोने, फॅनीने, उठवलं तर चिडला: छान भुताची गोष्ट बघत होतो, मोडलीस! पहिला खर्डा तिला पटला नाही तेव्हा त्याने तो जाळून टाकला आणि पुन्हा लिहिला.

रातकिडा · सोमवार, रात्री ११.५०

मला पुस्तक आवडलं नाही. सांगितलेलं चालेल ना?

थांबलो दोनदा, दोन्ही वेळा रागाने. पहिल्यांदा हाईडच्या वर्णनापाशी. बुटका. कुठलंही व्यंग दाखवता येत नाही, पण व्यंग असल्याचा भास होतो. जो बघतो त्याला किळस येते आणि का ते कुणालाच सांगता येत नाही. पुढे हात: जेकिलचा मोठा, गोरा, देखणा. हाईडचा काळसर, केसाळ. मी पाच फूट दोन इंच, रंगाने चांगला काळा. ‘मुलगा चांगला आहे, पण...’ हे वाक्य लग्नाच्या बाजारात मी नऊ वेळा ऐकलंय. त्या ‘पण’पुढचं कुणी बोलत नाही. पुस्तकात हाईडचं वर्णन करू पाहणाऱ्या एन्फील्डसारखंच, का ते त्यांनाही सांगता येत नसावं. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाला पापाचा रंग कोणता वाटायचा ते कळलं. त्याला खोल मानसशास्त्र म्हणून टाळ्या का वाजवायच्या?

दुसरा राग: हाईड रात्री नेमकं करतो काय? मुलीला तुडवणं आणि खून, जवळपास एवढंच सांगितलंय. बाकी सगळं ‘अशोभनीय सुखं’ म्हणून झाकलेलं. बायका तर पुस्तकात जवळपास नाहीतच. मोलकरणी, ती तुडवलेली मुलगी, हाईडच्या घरची म्हातारी, अशा मोजक्याच.

मागचा_बाक · मंगळवार, सकाळी ७.४०

+१ रंगाबद्दल. तो मुद्दा माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मला दिसलाही नाही, याची लाज वाटली.

दुसऱ्याबद्दल: न सांगणं मला मुद्दाम केलेलं वाटतं. सांगितलं असतं तर वाचणारा ‘हे मी करत नाही बुवा’ म्हणून सुटला असता. स्टीव्हन्सनने १८८७ मध्ये एका पत्रात चिडून लिहिलंय की लोक हाईडला नुसता बाईलवेडा समजतात. खोट जेकिलमध्ये होती, कारण तो ढोंगी होता. बायका आवडणं ही खोट नव्हे.

साडेतीन_शहाणा · मंगळवार, सकाळी ८.०२

रातकिडा, दहाव्या वेळी काय झालं? (हलके घ्या.)

रातकिडा · मंगळवार, सकाळी ८.३०

दहावी पाच फूट एक निघाली. सुखात आहे.

जिन्याखाली · मंगळवार, दुपारी २.१५

पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल द्यावी.

मी ‘शेवटची रात्र’ या प्रकरणात थांबले. बटलर पूल अटर्सनला बोलवायला येतो. आत कोंडून घेतलेला माणूस आपला मालक नाही, हे त्याने पावलांवरून ओळखलंय. जेकिलचं पाऊल जड, करकरणारं, आणि आत फिरतंय ते हलकं, विचित्र लयीचं. दिवसभर आणि अर्धी रात्र ते असंच येरझारा घालतं, म्हणतो. अटर्सन विचारतो, याशिवाय काही ऐकू येत नाही? पूल म्हणतो, एकदा रडताना ऐकलं. बाईमाणसासारखं, किंवा वाट चुकलेल्या जिवासारखं. मी तिथून निघालो तेव्हा मलाही रडू येईल असं वाटत होतं.

माझ्या बाबांना स्मृतिभ्रंश होता. शेवटची तीन वर्षं. आमच्याकडे लाकडी जिना आहे. बाबा कामावरून यायचे तेव्हा पाचव्या पायरीवर एक आवाज व्हायचा आणि आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो. त्या तीन वर्षांत पाचव्या पायरीवर तो आवाज कधी झाला नाही. ते सरकत चालायचे. रात्री दोन-तीनला वरच्या खोलीत सरकत्या पावलांचा आवाज, भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत. आईला त्यांनी एकदा ढकललं. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता त्या माणसाने. आई म्हणायची, ‘हे ते नव्हेत.’ मीही म्हणायचे. तसं म्हटल्यामुळेच आमचं निभलं.

मग एकदा दाराबाहेर मला त्यांचं रडणं ऐकू आलं. ते बाबांचंच होतं. आजी गेली तेव्हा ऐकलं होतं तेच.

पूल दार फोडायला मदत करतो ना, कुऱ्हाड आणतो. त्याला खात्री असते की आत मालक नाही. माझी ती खात्री त्या रात्री गेली. आत गेले आणि पाणी दिलं.

सातबारा · मंगळवार, दुपारी ३.००

जिन्याखाली, लिहीत राहा. माझा वाटणीचा सगळा युक्तिवाद इथे गप्प बसतो. तुमच्या बाबांनी काही वाटून मागितलं नव्हतं.

नमुना_सही · मंगळवार, रात्री १०.४५

आयडीवरून कळलंच असेल. बँकेत एकतीस वर्षं, त्यातली बरीच सह्या पडताळण्यात.

म्हणून माझा माणूस अटर्सनचा कारकून गेस्ट. त्याच्यापुढे हाईडचं पत्र असतं आणि योगायोगाने जेकिलची जेवणाची चिठ्ठी येते. तो दोन्ही शेजारी ठेवतो, बराच वेळ बघतो आणि म्हणतो, साम्य जरा विलक्षण आहे. बऱ्याच ठिकाणी अक्षर एकच आहे, झुकाव तेवढा वेगळा. मालक म्हणतो, कुठे बोलू नकोस. गेस्ट म्हणतो, नाही साहेब, कळलं. पुस्तकातला सगळ्यात हुशार माणूस, आणि त्याला दोन पानंसुद्धा मिळत नाहीत. कारकुनांचं नशीब.

त्याचं निरीक्षण पक्कं आहे. अक्षर बदलणारा माणूस आधी झुकाव बदलतो, कारण डोळ्याला तोच दिसतो. दोन शब्दांतली जागा, पेन कुठे उचललं, शेवटची रेघ कुठे दमली, हे त्याच्या लक्षात राहत नाही. बापाच्या सहीने पैसे काढणारी मुलं मी याच रीतीने पकडली. जेकिल पुढे कबूल करतो की स्वतःचंच अक्षर उलट्या बाजूला झुकवून हाईडला सही करून दिली. आणि औषधाविना हाईड होऊन अडकतो तेव्हा त्याची सुटका कशाने होते? मूळच्या मला एवढं उरलं होतं, म्हणतो, मला माझं अक्षर काढता येत होतं. चेहरा गेला, उंची गेली, हात केसाळ झाला, पण वळण गेलं नाही.

आता झुकावाबद्दलच एक. शेवटचं प्रकरण मी सही तपासावी तसं वाचलं, ‘मी’ कुठे आणि ‘तो’ कुठे अशा खुणा करत. खुनाच्या वर्णनात ‘मी’ आहे: मी त्या प्रतिकार न करणाऱ्या देहाला चेचलं, प्रत्येक फटक्याची चव घेत. पुढे, हाईड भीतीने रस्तोरस्ती हिंडतो तिथे लेखणी अडखळते: ‘तो, असं मी म्हणतो; मला ‘मी’ म्हणवत नाही.’ मारताना मी आणि पळताना तो! आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘त्या दुर्दैवी हेन्री जेकिलचं आयुष्य मी संपवतो’, म्हणजे तिथे जेकिलसुद्धा परका. मग हे सगळं लिहिणारा कोण?

इंग्रजीत जेकिलला सर्वनाम बदलावं लागलं, आणि ते पकडलं गेलं. मराठीत तेवढेही कष्ट नाहीत. ‘चूक झाली.’ ‘हातून घडलं.’ ‘तोंडातून गेलं.’ हात वेगळा, तोंड वेगळं, आपण बाजूला उभे. बँकेत पकडलेला एकही माणूस मला ‘मी केलं’ म्हणाला नाही. सगळे म्हणाले, ‘साहेब, झालं हातून.’ मीही काही वेगळा नाही. मुलाला एकदा पट्ट्याने मारलं, ते आजही घरात ‘तेव्हा मार बसला होता’ असंच सांगितलं जातं.

ओसरीताई, राग मानू नका. तुमचा पहिला प्रतिसाद परत वाचला. सगळं मी केलं, असं सरळ लिहिलंय. मग दार लावल्यावर ‘बोललं गेलं’. तेवढ्या एका ठिकाणी अक्षर उलटं झुकलंय.

खलबत्ता · मंगळवार, रात्री ११.१०

नमुना_सही, जरा जास्त होतंय असं नाही वाटत? त्या बाईंनी आठ महिने सेवा केली आहे.

नमुना_सही · मंगळवार, रात्री ११.१८

खरंय. ओसरीताई, माफ करा. सवय वाईट. प्रतिसाद काढून टाकायचा तर सांगा.

मागचा_बाक · बुधवार, सकाळी ९.२५

काढू नका. मी काल रात्री आईला फोन केला, आजोबांच्या रेडिओबद्दल विचारायला. ती म्हणाली, अंगणात जाताना ते आजीला सांगून जायचे, ‘पाणी घालायचं राहिलंय.’ आजी म्हणायची, ‘घाला, छत्री घेऊन जा.’

उत्तर_समुद्र · बुधवार, दुपारी ४.३०

अवांतर: कुणाला मूळ इंग्रजी वाचायचं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. आणि स्टीव्हन्सन स्वतः नावाचा उच्चार ‘जीकल’ असा करायचा. आपण सगळे चुकतोय.

साडेतीन_शहाणा · बुधवार, दुपारी ४.३६

आपण चुकत नाही. चूक होते.

ओसरी · बुधवार, रात्री ११.५५

प्रतिसाद काढू नका, नमुना_सही. काल रात्रीपासून उत्तर लिहीत होते आणि पुसत होते.

सकाळचे साडेसात वाजले होते. रात्रीत तिसऱ्यांदा चादर भिजली होती. दार मी लावलं, कारण बाहेर धाकट्या जाऊबाई आल्या होत्या आणि चहा पीत होत्या. मी सासूबाईंना म्हणाले, ‘अजून किती दिवस चालवणार आहात हे?’ ओरडून नाही, हळू म्हणाले. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून कानाशी वाकून म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी चादर बदलली, केस विंचरून दिले, दार उघडलं आणि जाऊबाईंना सांगितलं की आज आईंना जरा बरं वाटतंय.